नारायण पेठेतले पाटी नसलेले बाइंडिंगवाले काका: आईचं बायबल आणि सहा महिन्यांची वाट

पाचपैकी पाच स्टार देतीये आणि सोबतच सांगते की ज्यांना काम आठवड्यात हवंय त्यांनी इथे जाऊ नये. मी जूनच्या पहिल्या आठवड्यात आईचं बायबल दिलं आणि हातात मिळालं डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी. त्यातले पहिले दोन-तीन महिने मी मनातून फार चिडलेली होते, काकांवर कमी आणि देवावर जास्त, आणि ते दोन्ही एकमेकांत असं मिसळून गेलं की एक सोडून दुसऱ्याबद्दल मला लिहिताच येत नाहीये, त्यामुळे हे लांबणारे. ज्यांना फक्त पत्ता आणि रेट हवाय त्यांनी खाली बघा, शेवटाकडे दिलंय.

आधी पुस्तकाबद्दल. आईला हे पवित्र शास्त्र तिच्या लग्नात मिळालेलं, काळं रेक्झिन, कडांना लाल रंग, पानं कांद्याच्या सालीसारखी पातळ. पहिल्या कोऱ्या पानावर तिने आमचे जन्म, बाप्तिस्मे, लग्नं सगळं लिहून ठेवलंय. आणि तिची एक सवय होती, एखादं वचन धरून ती प्रार्थनेला बसली की त्या वचनाशेजारी मोकळ्या जागेत पेन्सिलने तारीख टाकायची, आणि प्रार्थनेचं उत्तर मिळालं की त्याच्याखाली दुसरी तारीख. कशासाठी प्रार्थना ते कधीच लिहायची नाही, विचारलं तर म्हणायची ज्याला कळायचं त्याला कळलंय. ती २०१६ ला गेली आणि बायबल माझ्याकडे आलं.

दोन वर्षांपूर्वी पानं निखळायला लागली. तेव्हा मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. एका कॉलेजजवळ प्रोजेक्ट रिपोर्ट वगैरे बाइंड करून देतात अशा ठिकाणी नेऊन दिलं (नाव घेत नाही, घाई माझी होती), तासाभरात देतो म्हणाले आणि खरंच तासाभरात दिलं. रिक्षात बसून उघडलं आणि पोटात गोळा आला. मागचा कणा सरळ कापून गरम गोंद भरलेला, आणि कडा एकसारख्या दिसाव्यात म्हणून तिन्ही बाजूंनी मशीनमध्ये कटिंग मारलेलं. आईच्या तारखा कडेलाच होत्या ना. डाव्या पानांवरच्या तारखांचा दिवस गेला आणि उजव्या पानांवरच्या तारखांचं वर्ष गेलं. आणि एवढं करून आठ महिन्यांत तो गोंद तडकला, एका रविवारी चर्चमध्ये उभी राहिले आणि यिर्मयाच्या पुस्तकाची दहा-बारा पानं एकदम खाली पडली.

मग ऑफिसमधल्या एकांनी या काकांचं सांगितलं, त्यांच्या वडिलांची ज्ञानेश्वरी इथे शिवून घेतली होती. जुन्या वाड्याचा तळमजला, आत जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जागा, पुस्तकं दाबून ठेवायचा लाकडी शिकंजा, पुठ्ठ्यांचे गठ्ठे आणि उकळलेल्या खळीचा वास. काकांनी आधी हात धुतले, पुसले, मग बायबल घेतलं. कण्यावरून अंगठा फिरवला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "कणाच कापलाय हो ताई. ह्याला आता शिवू कुठून?"

मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं, त्यांनी समजावून सांगितलं. चांगलं पुस्तक म्हणजे सुटी पानं चिकटवलेली नसतात, घडी घातलेले कागद एकात एक ठेवून त्याचा जुज करायचा, घडीतून दोरा घालायचा, मग सगळे जुज एकमेकांना शिवायचे. घडी कापली की पान एकटं पडतं आणि एकट्या पानाला दोरा धरत नाही. म्हणजे आता आधी तो गोंद काढायचा, ओल देऊन मऊ करून, एकेक पान, कागद फाटता कामा नये. मग दोन-दोन पानं टिश्यूच्या पट्टीने जोडून परत घडी तयार करायची. हजारावर पानांचं पुस्तक, म्हणजे किती जोड्या होतात तुम्हीच बघा. मग जुज, मग शिलाई, मग दाबात ठेवायचं. आणि हे सगळं सांगून झाल्यावर म्हणाले की पावसाळ्यात मी ह्याला हात लावणार नाही. खळ मैद्याची असते, कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालतात, पण पावसाळी हवेत ती वरवर वाळल्यासारखी वाटते आणि आत ओल राहते, मग दोन वर्षांनी बुरशी. गणपती झाले की काढतो म्हणाले.

मी म्हटलं ठीके, आणि घरी येऊन रडले. बायबलसाठी नव्हतं ते सगळं रडणं.

माझा धाकटा भाऊ २०१८ पासून माझ्याशी बोलत नाही. आईच्या फ्लॅटवरून झालं, कोण किती चुकलं ते इथे लिहीत नाही, माझी बाजू स्वच्छ आहे असं मात्र मी आता म्हणू शकत नाही. पहिली काही वर्षं वाढदिवसाला त्याचा एका ओळीचा मेसेज तरी यायचा. मी रोज प्रार्थना करायचे, प्रभू त्याचं मन वळव, म्हणजे त्याचंच वळव, माझ्या मनाचा विषय मी काढतच नव्हते. आणि मग बायबल काकांकडे दिलं त्याच्या आदल्या वर्षी नाताळच्या आधी माझा धीर सुटला. मामांना घेतलं, चर्चमधल्या दोन वडीलधाऱ्यांना घेतलं, केक घेतला आणि न सांगता त्याच्या दारात गेले. मला वाटलं दारात एवढी माणसं बघून तो नाही म्हणू शकणार नाही. त्याने दार उघडलं, आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि लावून घेतलं. आत त्याची चार वर्षांची मुलगी "कोण आलंय" विचारत होती ते मला दाराबाहेर ऐकू आलं. तेव्हापासून वाढदिवसाचा मेसेजही बंद, नंबर ब्लॉक.

शमुवेलच्या पहिल्या पुस्तकात १३ व्या अध्यायात शौल राजाचं आहे ना, गिलगालात शमुवेल संदेष्टा येईपर्यंत सात दिवस थांबायला सांगितलेलं, सात दिवस तो थांबलाही, समोर शत्रू पलिष्टी, आपली माणसं पांगायला लागलेली, शमुवेलचा पत्ता नाही, शेवटी शमुवेलने करायचा तो होमबली त्याने स्वतःच अर्पण केला. आणि अर्पण संपतंय न संपतंय तोच शमुवेल आला. लहानपणी संडे स्कूलमध्ये ही गोष्ट ऐकताना मला शौल मूर्ख वाटायचा. आता वाटतं की सात दिवस तो थांबला होता हो, खरंच थांबला होता, थोडक्यात राज्य गेलं त्याचं. आणि त्याने जे केलं ते वाईट काम पण नव्हतं दिसायला, अर्पणच होतं, मी पण केकच घेऊन गेले होते.

हे मी चर्चमध्ये एका बाईंजवळ बोलले तर त्या म्हणाल्या तुझा विश्वास कमी पडतोय, नाहीतर काहीतरी कबूल न केलेलं पाप असेल, नाहीतर इतकी वर्षं लागतात का. असं कुणाला कृपा करून म्हणू नका. आपल्याकडे चर्चमध्ये साक्षीच्या वेळी, म्हणजे देवाने काय केलं ते सांगायला, उभे राहतात ते ज्यांना उत्तर मिळालंय ते, उपास केला आणि नोकरी लागली, तेल लावून प्रार्थना केली आणि रिपोर्ट नॉर्मल आला, आणि मला त्यांचा आनंदच आहे, कुणाची साक्ष मी खोटी म्हणत नाहीये. पण ज्यांच्या पानावर अजून पहिलीच तारीख आहे ते कधी उभेच राहत नाहीत, मागच्या बाकावर बसून आमेन म्हणतात आणि घरी जातात. स्तोत्र १३ काढून बघा, पहिल्या दोनच वचनांत दावीद चार वेळा कोठवर, कोठवर म्हणून विचारतो. त्याला तिथे कुणी विश्वास कमी म्हटलेलं नाही.

परत दुकानाकडे येते. जुलैमध्ये मी दोनदा गेले, ऑगस्टमध्ये तीनदा, दर वेळी झालं का झालं का. काका फोन उचलत नाहीत, कामात असतात, त्यामुळे जावंच लागतं. ऑगस्टमध्ये बघते तर बायबल वरच्या फळीवर स्वच्छ फडक्यात बांधलेलं, शेजारी कुणाचं गुरुचरित्र, कुणाची जुनी घटनेची प्रत, सगळी आपापल्या नंबराची वाट बघत. मी जरा आवाज चढवूनच म्हटलं काका निदान सुरुवात तरी करा. ते म्हणाले, "ताई, करायला मी आजही करीन, पण मग परत तेच होईल जे मागच्या वेळी झालं." मला उत्तर देता आलं नाही. पायऱ्या उतरून लक्ष्मी रोडपर्यंत आले तरी तेच वाक्य डोक्यात, आणि मला त्यात फक्त पुस्तक ऐकू येत नव्हतं.

त्या दिवसापासून मी पहाटे उठून पंधरा मिनिटं नुसतं बसायचं ठरवलं, काही न मागता. सांगते, इतकं कठीण काम मी आयुष्यात केलेलं नाही. तीन मिनिटांत हात मोबाइलकडे जायचा, डोक्यात भावाशी भांडण चालू व्हायचं, त्यात मी छान छान उत्तरं द्यायचे. स्तोत्र १३० मध्ये पहाटेची वाट बघणाऱ्या पहारेकऱ्यांचं आहे, आणि ते वाक्य लागोपाठ दोनदा आलंय. आमच्या सोसायटीचे रात्रीचे वॉचमनकाका साडेपाचला खुर्ची सोडून गेटपाशी उभे राहतात, रोज, मी खिडकीतून बघते. उजाडणार हे त्यांना माहीतच असतं, पण म्हणून रात्र काही लवकर संपत नाही त्यांची. मला ते बघून बरं वाटायचं, का ते नीट सांगता येत नाही.

आणि एक झालं, गप्प बसल्यावर भावाच्या चुका आठवून आठवून संपल्या आणि माझ्या दिसायला लागल्या. आईच्या फ्लॅटचं भाडं सात वर्षं मी घेत होते. मेंटेनन्स मी भरते, टॅक्स मी भरते, मग काय झालं, असं मी स्वतःला सांगत आले होते. सप्टेंबरपासून त्यातलं निम्मं वेगळ्या खात्यात टाकायला लागले, आणि मागच्या वर्षांचा हिशोब एका वहीत लिहून काढला. त्याला अजून माहीत नाही. ब्लॉक आहे तर सांगणार कसं, आणि यावेळी मामांच्या हातून निरोप पाठवायचा नाही असं ठरवलंय. वेदीपाशी दान तसंच ठेव आणि आधी भावाशी समेट कर असं प्रभूने सांगितलंय हे मला पाठ होतं, शंभर वेळा ऐकलंय, पण त्यात "तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे" असं आहे हे मी वाचलंच नव्हतं, मी कायम उलटं वाचायचे.

गणपती झाले, काकांनी खरंच पुस्तक खाली घेतलं. मग दिवाळीआधी व्यापाऱ्यांच्या चोपड्यांचं काम आलं, तेव्हा पंधरा दिवस परत थांबलं, हा एक मला त्यांचा दोष वाटला, आधी सांगायला हवं होतं. दिवाळीनंतर गेले तेव्हा शिवून झालेलं पुस्तक शिकंज्यात होतं. मी म्हटलं बघू का एकदा, तर नाही म्हणाले, दाबातून मध्येच काढलं तर पुठ्ठा वाकतो आणि मग काही केलं तरी सरळ होत नाही. मी म्हटलं पण मग आता ह्यात काय काम चालूये? "वाळतंय ना," म्हणाले, "ते काम नाही का?"

आगमनकाळ (नाताळची वाट बघायचे आधीचे आठवडे) सुरू झाला त्या आठवड्यात आमच्या पाळक साहेबांनी बायबल स्टडीला यहोशवाचा दुसरा अध्याय घेतला, राहाबने खिडकीला किरमिजी दोरी बांधली तो. त्यांनी सांगितलं की तिथे दोरीला जो इब्री शब्द आहे, तिकवा, तोच शब्द दुसरीकडे आशा म्हणून येतो, यिर्मया २९:११ मध्ये देव म्हणतो मी तुम्हाला आशा देईन, ती पण तिकवाच. मी लगेच काकांच्या दोऱ्याचाच विचार केला. आणि ते यिर्मयाचं वचन आपल्याकडे प्रत्येक कॅलेंडरवर असतं, फ्रिजच्या मॅग्नेटवर असतं, माझ्याही आहे, पण त्याच्या आधीचं १० वं वचन कुणी छापत नाही. त्यात बाबेलमधली सत्तर वर्षं पूर्ण झाल्यावर असं आहे. सत्तर. हे वचन म्हणजे यिर्मयाने बाबेलमध्ये बंदिवासात नेलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रातलं, आणि ज्यांना ते पत्र गेलं त्यातल्या कित्येकांना यरुशलेम परत दिसलंच नसणार, आणि त्यांनाच त्याच पत्रात सांगितलंय की घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा. आपल्या जवळचंच बघा ना, पंडिता रमाबाईंनी मूळ इब्री आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणायला वर्षानुवर्षं घातली, केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायकांनी ते छापलं, पण त्या १९२२ मध्ये गेल्या आणि पूर्ण बायबल बाहेर आलं ते १९२४ मध्ये. बांधलेलं पुस्तक त्यांच्या हातात आलं नाही. हे मला आधीपासून माहीत होतं, शाळेच्या सहलीला केडगावला गेलो होतो तेव्हा ऐकलेलं, पण या वर्षी ते वेगळंच लागलं.

मला सगळ्यात जास्त त्रास लाजाराच्या गोष्टीचा व्हायचा. मार्था आणि मरीयेने येशूला निरोप पाठवला, आजारी भावासाठी, लाजारासाठीच पाठवला, आणि येशूचं त्यांच्यावर प्रेम होतं असं लिहून लगेच पुढे लिहिलंय की म्हणून आजारी आहे हे ऐकल्यावरही तो आणखी दोन दिवस तिथेच राहिला. ते "म्हणून" मला गिळता येत नाही. अजूनही येत नाही, खोटं कशाला बोलू. पण मार्था तोंडावर बोलली, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता, आणि तो तिच्यावर रागावला नाही, पुढे थडग्याकडे जाताना रडला. मी आता तेवढंच धरून आहे.

डिसेंबरमध्ये बायबल मिळालं. काय सांगू. गडद तपकिरी कापडी पाठ, कोपऱ्यांना चामडं, कण्यावर सोनेरी अक्षरात नुसतं पवित्र शास्त्र. टेबलावर ठेवून कुठेही उघडा, सपाट उघडं राहतं, मिटत नाही, हे शिलाईमुळे. कटिंग काकांनी अजिबात केलेलं नाही, कडा थोड्या खालीवर आहेत, म्हणाले तुमच्या आईचं अक्षर आहे, आणखी एक सूतसुद्धा कापायचं नव्हतं मला. सोबत एक पाकीट दिलं, पानांत मिळालेल्या वस्तू, जुनं पीएमटी बसचं तिकीट, वाळलेलं पिंपळाचं पान, भावाच्या बालवाडीतला पासपोर्ट फोटो, आणि प्रत्येक वस्तूवर कोणत्या पानाशी होती तो नंबर चिठ्ठीवर लिहिलेला. ते काही ख्रिस्ती नाहीत, त्यांच्या भिंतीवर दत्ताची तसबीर आहे. पण आमच्या शास्त्राला त्यांच्याइतकं जपून मी स्वतः हाताळलेलं नाही.

फोटो स्तोत्र २७ पाशी होता. त्याचं शेवटचं वचन, परमेश्वराची प्रतीक्षा कर, खंबीर हो. शेजारी आईची एकच तारीख, उजव्या पानावर, त्यामुळे वर्ष अर्धंच उरलंय, १९९ आणि पुढचा आकडा कापला गेलाय. त्याच्याखाली दुसरी तारीख नाही. म्हणजे ती किमान सतरा वर्षं, जास्तही असतील, भावाबद्दल कशाची तरी वाट बघत होती आणि तशीच गेली, आणि आम्हाला एका शब्दाने बोलली नाही, रोज सकाळी चहा टाकायची, डबे भरायची, रविवारी कॉयरमध्ये उभी राहायची.

आता कामाचं. नारायण पेठ, केळकर रोडवरून आत वळा आणि कुणालाही बाइंडिंगवाले काका विचारा, पाटी नाही. पार्किंग विसरा, मेट्रोने मंडईला उतरून चालत या. सकाळी ११ ते १ आणि संध्याकाळी ५ ते ८, रविवारी बंद. माझ्या कामाचे २,४०० घेतले, त्यात सगळं आलं, निम्मे आधी दिले होते, साधं बाइंडिंग बरंच स्वस्त आहे. पैसे रोख. पावती म्हणजे पुठ्ठ्याचा तुकडा, जपून ठेवा. पावसाळ्यात देऊ नका, दिलंत तरी ते फळीवरच राहणार, दसऱ्यानंतर द्या पण दिवाळीचं मध्ये येतं का ते विचारून घ्या. आणि आधी कुठे गोंदाचं काम करून घेतलं असेल तर खरं सांगा, ते ओरडत नाहीत.

एक राहिलं. आईने नावं लिहिलेल्या पानाच्या मागे काकांनी न सांगता दोन कोरी पानं जोडून दिलीयेत, कागद शोधून, जवळजवळ त्याच रंगाचा. विचारलं तर म्हणाले पुढची माणसं कुठे लिहिणार. भावाच्या मुलीचं नाव अजून कुठेच लिहिलेलं नाही. तिची जन्मतारीख मला माहितीये, पेन घेऊन एकदा बसलेही होते. मग टोपण लावून ठेवून दिलं. ते त्याने लिहायचंय.